ओक नसलेल्या रानात

गेल्या वर्षी ताम्हिणीच्या रानात मी एका वाळक्या पानाचे एकवीस फोटो काढले. फुलपाखरू समजून. गुडघे टेकून, श्वास रोखून. शेवटचे चार तर इतक्या जवळून, की चष्म्यावर वाफ धरली. अखेर भाच्याने वाकून हळूच फुंकर घातली. पान कलंडलं, उलटं पडलं आणि त्याच्या खालून एक मुंगी निघून गेली.

दिवाळीला सगळं घर जमलं तेव्हा भाच्याने हा किस्सा फराळाबरोबर वाढला. माझा भाऊ म्हणाला, "सत्तावीस वर्षं कॅश काउंटरवर बसलीस ना गं? खोटी नोट नुसत्या बोटाने ओळखायचीस म्हणे." खरं आहे ते. नोट हातात आली की डोळ्याच्या आधी बोटाला कळायचं. म्हणून तर लागलं मनाला. खोटं पकडण्यात आयुष्य गेलं, आणि इथे मी खऱ्यालाच खोटं समजून एकवीस फोटो काढून बसले होते. पान खरंच पान होतं, त्या बिचाऱ्याने कुणाला फसवलं नव्हतं.

ज्याच्या शोधात मी फसले ते फुलपाखरू म्हणजे ब्लू ओकलीफ. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, उघडले की निळं. शास्त्रीय नाव कॅलिमा हॉर्सफिल्डी. सह्याद्रीच्या दमट रानांतलं, आपल्याकडून खाली केरळपर्यंत सापडणारं. नावाची गंमत अशी, की हे पाखरू सह्याद्रीचं, १८४४ मध्ये त्याचं बारसं केलं व्हिएन्नाच्या कोलार नावाच्या कीटकतज्ज्ञाने, आणि नाव दिलं ते थॉमस हॉर्सफिल्डचं, म्हणजे जावा बेटावर रानं पालथी घालून पुढे लंडनला ईस्ट इंडिया कंपनीचं संग्रहालय सांभाळणाऱ्या अमेरिकन डॉक्टरचं. त्यावर इंग्रजीने ओकचं पान चिकटवलं. मुळशी तालुक्याच्या रानात ओकचं एकही झाड नाही. जांभूळ आहे, हिरडा आहे, अंजनी, पिसा, ऐन, आंबा, उंबर आहे. मग हे पाखरू पिढ्यान्‌पिढ्या नक्कल कुणाची करतंय? हा प्रश्न घेऊनच मी या वर्षी परत निघाले. आणि हो, त्या एकवीस फोटोंचा वचपाही काढायचा होता.

दिवाळी संपल्यावर चार दिवसांनी, पहाटे साडेपाचला, भाच्याच्या दुचाकीवर मागे बसून. वार मुद्दाम मंगळवार. शनिवार-रविवारी ताम्हिणीला जाण्यात अर्थ नाही. त्या दोन दिवसांत या रस्त्यावर पुणं येतं आणि पुणं पाहून परत जातं. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगूट. एके काळी पिरंगूट म्हणजे गाव संपून शेतं सुरू व्हायची, आता शेतं संपून गृहप्रकल्प सुरू होतात. पौडला चहा घेतला. मी अर्धा डझन केळी घेतली, ती पिशवीत तळाशी गेली आणि त्यांच्यावर पाण्याच्या दोन बाटल्या बसल्या. ही केळी पुढे कामाला आली असती तर लिहायला बरं झालं असतं, पण तसं काही झालं नाही. त्यांचा नुसता गिलावा झाला.

मुळशीचं धरण लागलं की गाडी थांबवायची हा आमचा शिरस्ता. पाणी काठोकाठ होतं, वर धुक्याची साय. मुळा आणि नीला या दोन नद्यांचं हे पाणी. आपल्या वाटेने गेलं असतं तर पुण्यावरून भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला पोचलं असतं. पण टाटांच्या वीज कंपनीने ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, कोकणात भिऱ्याला पाडलं, आणि तिथून ते कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला जातं. एवढ्यासाठी मावळच्या कितीतरी गावांच्या भातखाचरांवर पाणी आलं. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ सत्याग्रह चालला, पां. म. बापट इथूनच सेनापती बापट झाले, आणि तरीही १९२७ मध्ये वीज सुरू झालीच. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांचे चौथरे दिसतात असं इथले लोक सांगतात. त्या घरांच्या भिंती कसल्या असतील याचा विचार मी त्या सकाळी पहिल्यांदा केला, कारण माझ्या डोक्यात कारवी होती.

कारवीबद्दल आधी सांगायला हवं, कारण ब्लू ओकलीफची गोष्ट तिथूनच सुरू होते. धरण मागे पडून घाटमाथ्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना डोंगरउतारावर पुरुषभर उंचीचं एकच एक झुडूप माजलेलं दिसतं. खरखरीत, रुंद पानांचं, बोटाएवढ्या सरळ काठ्यांचं. ती कारवी. अडुळशाच्या कुळातली. सात वर्षं नुसती हिरवी राहते, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा होतो, आणि फुलून झालं की अख्खी पिढी मरते. बोरिवलीच्या जंगलात ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. फुलं सरली की बोंडं वाळतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी लागताच तडतड फुटून बी उडवतात. सगळ्या डोंगरांचं वेळापत्रक मात्र सारखं नसतं. इकडची कारवी मेली तरी पलीकडची हिरवी असते. ब्लू ओकलीफची अळी कारवीची पानं खाऊन वाढते, तिच्या गोतावळ्यातल्या आणखी काही झुडपांवरही. आणि मावळातली जुनी घरं म्हणजे कारवीचे कूड: काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्हीकडून शेणमातीने लिंपायच्या. म्हणजे माणसाची भिंत आणि पाखराचं बाळपण एकाच झाडावर. पाण्याखाली गेलेल्या घरांच्या भिंतींची कारवी याच डोंगरांवरून तोडली असणार.

नऊच्या सुमाराला आम्ही ताम्हिणी गावाच्या अलीकडे गाडी लावून पायवाटेने आत शिरलो. २०१३ पासून या भागात ताम्हिणी अभयारण्य आहे, सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचं. आकाराने लहान, पण पावसाचं माहेर. २५ जुलै २०२४ ला संपलेल्या चोवीस तासांत इथे ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याला अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो त्याच्या आसपासचा एका दिवस-रात्रीत. त्या पाण्याची ओल दिवाळीनंतरही रानाने सोडलेली नव्हती. दगडांवर शेवाळ, झाडांच्या खोडांवर नेचे, पायाखाली पानांचा थर, वरून कुरकुरीत आणि खालून ओला. पहिल्या पाच मिनिटांतच मला कळून चुकलं की ब्लू ओकलीफ शोधायला याच्याइतकी वाईट जागा नाही. जमिनीवर लाखभर पानं. त्यांतलं एक खोटं.

"आत्या, पानांकडे बघू नकोस," भाचा म्हणाला. "हलणाऱ्याकडे बघ."

हलणारं पुष्कळ होतं. ओढ्याच्या कडेला ओल्या वाळूवर पिवळ्या फुलपाखरांचा घोळका सोंडा रोवून बसला होता. एक नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, चांगली हाताच्या पंजाएवढी, आमच्या डोक्यावरून सावकाश गेली. २०१५ मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं फुलपाखरू जाहीर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. निवड चुकली असं मी म्हणणार नाही. देखणी आहे, मोठी आहे, पुण्यातल्या बागेतल्या लिंबावरही अंडी घालते. पण तिच्यात गुपित काही नाही. लग्नातल्या करवलीसारखी ती सगळ्यांना दिसावी म्हणूनच फिरते. मी मान वर करून तिच्याकडे पाहत होते तेवढ्यात समोरच्या वाटेवर, कमरेच्या उंचीवर, काहीतरी निळं फडफडलं.

तो निळा सांगणं अवघड आहे. नीलवंतेचा निळा आभाळासारखा. हा त्याहून फिका पट्टा, आणि भोवती गडद, शाईत राख मिसळावी तशी जमीन. दोन वेळा उघडमीट झाली, एक गिरकी, वाटेच्या डावीकडे कारवीच्या काठ्यांमध्ये सुळकन, आणि संपलं. निळा विझला. माझी नजर जिथे तो विझला तिथेच होती. हात लांब केला असता तर पोचला असता.

"दिसलं?"

"दिसलं."

"कुठे बसलं?"

"इथेच."

त्या 'इथेच'वर आम्ही वीस मिनिटं उभे होतो. मी एकेक काठी, एकेक पान नजरेने मोजलं, जशी शंभरांची गड्डी मोजावी तशी. हिरवी पानं बाजूला टाकली, वाळकी घेतली. त्यांतली उलटी लटकलेली घेतली. एका पानावर माझा पक्का संशय बसला. पण गेल्या वर्षीच्या फजितीने शहाणी झाल्यामुळे मी फोटो काढला नाही. भाच्याने एक काठी हळूच हलवली. माझ्या संशयितापासून वीतभर अंतरावर, ज्या काडीकडे मी तीन वेळा पाहून ती निकालात काढली होती, तिथून निळा परत पेटला आणि दरीकडे निघून गेला.

मला एक समाधान आहे, की माझ्या आधी फसलेला माणूस माझ्यापेक्षा फार मोठा होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनबरोबर उत्क्रांतीचं सूत्र मांडणारा, सुमात्राच्या रानात याच कुळातल्या भावंडामागे असाच धावला होता. १८६९ च्या 'द मलाय आर्किपेलागो' या पुस्तकात त्याने ते प्रांजळपणे लिहिलं आहे: फुलपाखरू वाळक्या पानांत शिरायचं, तो दबकत जागेवर पोचायचा, काही दिसायचं नाही, आणि मग ते त्याच्या समोरूनच उडून जायचं. पुढे एकदा ते नेमकं बसताना त्याच्या नजरेने पकडलं, तेव्हा उलगडा झाला. नीट लिहायचं तर फसवणुकीचा पहिला पंचनामा त्याचाच.

ही फसवणूक दोन टप्प्यांत चालते हे मला त्या कारवीपाशी कळलं. वाळक्या पानासारखं दिसणं हा दुसरा टप्पा. पहिला टप्पा तो निळाच आहे. उडताना पाखरू स्वतःचा रंग मुद्दाम दाखवतं म्हणा ना. कोतवाल किंवा स्वर्गीय नर्तक मागे लागला, तर त्याच्या डोळ्यांत तो निळाच भरतो. मग पंख मिटतात, आणि पाठलाग करणारा निळा शोधत राहतो, जो आता कुठेच नाही. बँकेत भुरटे असंच करायचे. एक जण काउंटरवर मोठ्याने भांडायचा, सगळ्यांच्या माना तिकडे, आणि दुसरा शांतपणे पिशवी उचलायचा. इथे दोघं एकाच अंगात राहतात.

अकराच्या पुढे ऊन चढलं तसे आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला सरकलो. तिथे एक जुना उंबर आहे. खोडाला लगडलेली, तांबूस झालेली उंबरं. खाली पडून फुटलेली, मुरलेली, काही तर फसफसलेली. वास असा, की बाटलीचं बूच उघडावं. गांधीलमाश्या, भुंगे, माश्या, सगळ्यांची पंगत. माझ्या वाचनात होतं, की ब्लू ओकलीफ फुलांकडे ढुंकून पाहत नाही. त्याला झाडाचा पाझरता चीक लागतो, ओला चिखल लागतो आणि कुजकं फळ लागतं. म्हणून मी उंबरापासून दहा हातांवर एका दगडावर बसले, पिशवीतला केळ्यांचा गिलावा तिथेच काढून पाहिला, पुन्हा बांधून ठेवला (अभयारण्यात आपलं खाणं टाकू नये, पाखरांच्या लालचीनेसुद्धा), आणि वाट पाहू लागले. भाचा पलीकडे गेला.

किती वेळ गेला कोण जाणे. समोरच्या एका फुटक्या उंबरावर एक वाळकं पान तिरकं टेकून उभं होतं. मी ते आल्यापासून पाहत होते. पान हललं नाही. पण पानाच्या खालच्या टोकाकडून एक काळा केसासारखा धागा निघाला होता आणि तो उंबराच्या गरात शिरला होता. पान सोंडेने खात नसतं.

या वेळी मी आधी पाहिलं आणि फोटोचं नंतर ठरवलं. जे पाहिलं ते सांगते.

मिटलेले पंख साधारण माझ्या तर्जनीच्या लांबीचे. वरचं टोक पानाच्या अग्रासारखं निमुळतं, किंचित वाकलेलं. खाली मागच्या पंखाची छोटी शेपटी, हुबेहूब देठ. त्या देठापासून अग्रापर्यंत एक गडद रेघ, पानाची मधली शीर. आता यातली कारागिरी पाहा: ही एक रेघ दोन पंखांवर आहे. खालचा अर्धा भाग मागच्या पंखावर, वरचा अर्धा पुढच्या पंखावर. दोन वेगळे पंख, वेगवेगळे हलणारे. आणि बसताना ते नेमके असे सरकून बसले पाहिजेत, की तुकड्याला तुकडा जुळेल. एक केस इकडे-तिकडे झाला तर शीर तुटेल आणि पान खोटं ठरेल. मला हे एकदम ओळखीचं वाटलं. आपली नोट उजेडाकडे धरली, की एका ठिकाणी पुढची अर्धवट छपाई आणि मागची अर्धवट छपाई एकमेकींत बसून अख्खा आकडा दिसतो. खोटी नोट बहुतेक तिथेच मार खाते. हे पाखरू मार खात नव्हतं. दोन पंखांच्या सांध्यावर मला नख लावण्याइतकीही फट दिसली नाही.

मधल्या शिरेपासून तिरक्या, फिकट उपशिरा. रंग शेणी, कडेला तांबूस. एका बाजूला करड्या-पांढुरक्या ठिपक्यांचा पुंजका, पानावर बुरशी धरते तसा. एक अगदी लहान पारदर्शक ठिपका, त्यातून मागचं हिरवं दिसत होतं, किड्याने भोक पाडावं तसं. डोकं आणि मिशा पंखांच्या कडेशी ओढून घेतलेल्या. सगळ्या अंगात जिवंतपणाची खूण एकच, ती सोंड.

आणि तिथे मला माझ्या ओकचं उत्तर मिळालं, निदान माझ्यापुरतं. मी उगाच झाड शोधत होते. या पंखावर जांभळाचं पान नव्हतं, हिरड्याचं नव्हतं, ओकचं तर नव्हतंच. होतं ते पान कुजतानाचं रूप. बुरशी, भोक, डाग, कडेचा करपलेपणा. खोट्या नोटांचा धंदा करणाऱ्यांतले हुशार असतात ते कोरी करकरीत नोट कधी चालवत नाहीत. ते आधी ती मळवतात, चुरगळतात, घडी पाडतात, एखादा चहाचा डागही लावतात. कोऱ्या नोटेकडे माणूस निरखून बघतो. मळकी नोट तो न बघता खिशात टाकतो. हे पाखरू तेच करत होतं. आणि कुजण्याचा एकच साचा नसल्यामुळे साच्याची गरजही नाही. दोन ब्लू ओकलीफ शेजारी ठेवली तर त्यांच्या खालच्या बाजू एकसारख्या नसतात. एक पिवळट, एक तपकिरी, एक डागाळलेलं, एक स्वच्छ. ज्या पक्ष्याने एक ओळखलं त्याला दुसऱ्यासाठी पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतं.

असं पान एका रात्रीत कसं जमलं, यावर शास्त्रज्ञांची शंभर-दीडशे वर्षं हुज्जत चालली. अर्धंमुर्धं पानासारखं दिसून काय उपयोग, असा सवाल डार्विनच्या विरोधकांनी केला होता. त्यावर २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी या कुळातल्या अनेक जातींच्या पंखांवरच्या रेघा आणि ठिपके तुलना करून दाखवलं, की पान टप्प्याटप्प्यानेच घडलं. इतर फुलपाखरांच्या पंखांवर जे पट्टे असतात तेच हळूहळू सरकत, सरळ होत शीर बनले आहेत. २०२२ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या गटाने कॅलिमाच्या जनुकांत शिरून पाहिलं, आणि पानांच्या या निरनिराळ्या नमुन्यांमागे 'कॉर्टेक्स' नावाच्या जनुकाचा हात असल्याचं सांगितलं. इंग्लंडात कारखान्यांच्या धुराने काळे पडलेल्या झाडांवर जो पतंग काळा झाला, त्याच्या काळेपणाच्या मुळाशीही जनुकांतली हीच जागा आहे. एकच टांकसाळ, नाणी वेगळी.

हे सगळं परदेशातून कळतं म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण एका माणसाचा उल्लेख राहायला नको. एडवर्ड हॅमिल्टन एटकन. जन्म १८५१, साताऱ्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवलं, पुढे मीठ आणि जकात खात्यात गेला, आणि १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या मोजक्या लोकांनी स्थापन केली त्यांतला तो एक. १८९० च्या दशकात कारवारात तो, डेव्हिडसन नावाचा मुलकी अधिकारी आणि बेल नावाचा जंगल अधिकारी, तिघांनी मिळून अळ्या पाळण्याचा उद्योग मांडला. रानातून अळी आणायची, ती कोणतं पान खाते ते पाहायचं, तिची कोष होईपर्यंत सेवा करायची आणि मग कोषातून कोण बाहेर येतं ते लिहून ठेवायचं. आज आपण सहज म्हणतो की अमकं पाखरू तमक्या झाडावर वाढतं, त्यातलं बरंचसं या तिघांच्या घरच्या डब्या-बरण्यांतून आलेलं आहे. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या सरकारी बाबूचा हा उद्योग मला फार जवळचा वाटतो. कॅश जुळली की संध्याकाळ आपली.

उंबराखाली पाखरू अजून पीत होतं. भाचा परत आला, मी त्याला नुसता हात करून थांबवलं. त्याला दिसेना. मी बोट दाखवलं. तरी दिसेना. "आत्या, पान आहे ते," तो कुजबुजला. मला झालेला आनंद लपवण्याचा मी प्रयत्न केला नाही. "फुंकर घाल," मी म्हटलं.

त्याने घातली नाही. थांबून राहिला, मग त्याला सोंड दिसली, आणि कॅमेरा वर गेला. नेमका त्याच वेळी एक गांधीलमाशी त्या उंबरावर उतरली. पानाने तिला अंग झटकून बाजूला सारलं आणि झटकताना पंख एकदा पूर्ण उघडले. आडवा निळा पट्टा, टोकाशी पांढरा ठिपका, उंबराच्या लाल गरावर. पुन्हा पान. माशी गेली, पान पीत राहिलं. फसफसलेल्या उंबराचा परिणाम होता की काय, त्याने आमची फारशी पर्वा केली नाही.

परतताना घाटमाथ्यावरचा एक नवा प्रकल्प दिसला, नाव लिहीत नाही. उतारावरची कारवी खरवडून हिरवळीचे गालिचे अंथरले होते आणि कडेला शोभेची झाडं कुंड्यांत उभी होती. फाटकावर एक मोठी पाटी होती, तिच्यावर निसर्गाच्या सान्निध्याबद्दल दोन ओळी आणि एका फुलपाखराचं चित्र. चित्रातलं फुलपाखरू भारतात सापडत नाही. मी आणखी काही म्हणत नाही. उन्हाळ्यातले वणवे याहून जास्त कारवी खातात हेही खरं आहे, पण वणव्यानंतर ती निदान परत फुटते.

दुपारी दोनला ताम्हिणीत एका घरापुढे 'घरगुती जेवण मिळेल' अशी खडूने लिहिलेली पाटी दिसली. ओटीवर बसलो. घर आता विटांचं, वर पत्रा. पण मागच्या पडवीची एक भिंत अजून कुडाची होती. लिंपण जिथे पडलं होतं तिथून कारवीच्या काठ्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. जेवण वाढणाऱ्या मावशी माझ्याच वयाच्या. त्यांना म्हटलं, "मावशी, एक दाखवू का? याला तुमच्याकडे काय म्हणतात?" भाच्याने कॅमेऱ्यावर मिटल्या पंखांचा फोटो काढून धरला.

त्यांनी हात पदराला पुसले, वाकून पाहिलं. "पान हाय की."

भाच्याने पुढचा फोटो आणला, उघड्या पंखांचा.

"ही व्हय!" त्या हसल्या. "ही उंबराखाली पडलेली असती. ताडी पिल्यावानी. लहानपनी आमी काटकीनं डिवचायचो हिला, उडायची बी न्हाई."

"पण नाव? नाव काय हिचं?"

"नाव?" त्यांनी जरा विचार केला. "पाकोळी."

"सगळ्या पाकोळ्याच झाल्या ना. हिचं वेगळं असं?"

त्यांनी पुन्हा पहिला फोटो मागितला. डोळे बारीक करून, कॅमेरा उन्हातून सावलीत धरून पाहिला, मग मान हलवली. "हे पानच हाय," त्या म्हणाल्या, कॅमेरा परत दिला आणि आत वळल्या. "पिठलं निवतंय तुमचं. कांदा फोडून देऊ का?"